डोळ्यांचं ठरवलंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी लगेच मामाला गाठलं असतं, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर घालवायला डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतेय. पैसे भरून झालेत, तेव्हा आता "थांब जरा" नको.

बाबा, तुम्ही म्हणता तसं लेसरच करणार होते. पण माझा कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, जेमतेम ५०० मायक्रॉन जाड निघाला. एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन घासले जातात, आणि माझा नंबर उणे १२. वरचा पापुद्रा उचलतात त्याचे शंभरेक वेगळे. करा हिशेब. डॉक्टरांना खाली तीनशे तरी शिल्लक हवेत. माझे उरतच नाहीत.

म्हणून आयसीएल. बाहुलीच्या मागे, आपल्या भिंगाच्या पुढे एक मऊ लेन्स सरकवतात. आई, तुझ्या मोतीबिंदूत काढलं तसं माझं भिंग काढणार नाहीत. उद्या काही बिनसलं तर ही लेन्स काढताही येते. घासलेला कॉर्निया परत येत नाही. महाग आहे, खोटं कशाला बोलू? डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, तेही विचारून घेतलंय.

आत्याच्या डोळ्याचं तुमच्या मनात असणार. ते डोळ्याच्या आतल्या पडद्याचं होतं. नंबर गेला तरी माझा लांबट डोळा तसाच राहणार, पडदा दरवर्षी तपासावाच लागणार. एका जागी पातळ होता, तिथे लेसर मारून घेतलंय. दुखलं नाही, म्हणून तेव्हा बोलले नाही.

आणि आई, "टीव्हीला नाक लावून बसायचीस, मीच लक्ष दिलं नाही" हे पुरे. आजोबांचा नंबर काय कमी होता? माझा चष्मा पडू नये म्हणून तू मागे काळं इलॅस्टिक शिवायचीस, त्याला माझे केस अडकायचे आणि तू एकेक सोडवत बसायचीस. एवढं कोण करतं गं?

डबा लावलाय, प्राची राहायला येतेय. यायचंच तर दुसरा डोळा झाल्यावर या, रेल्वेने, आणि लाडवांचा डबा एकच.

बाबा, शुगर असून तुम्ही पडदा तपासलेला नाही. येत्या सोमवारी जा. थेंब घातल्यावर तासन्‌तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घरी ठेवा. रिक्षाचे पैसे मी पाठवते.

तुमची,
चिमी