सैनिकांच्या पायाखालची तीन अक्षरं : नाणेवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या ट्रियरसारख्या जुन्या रोमन शहरात राहून रोमन नाणं ओळखायला पुण्याला फोटो पाठवते, याचं इथल्या मैत्रिणींना हसू येतं. येऊ दे. तुमचे आभार चारचौघांत मानायचे म्हणून हे पत्र.

तुमचा पहिला प्रश्न होता, ‘पावती घेतलीस का?’ दुसरा, ‘नाण्याला काही लावलं नाहीस ना?’ चिंच, लिंबू, पितांबरी, सगळं वर्ज्य. आम्लाने हिरवा थर निघतो आणि त्याच्याबरोबर अक्षरंही जातात. म्हणून नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायचं आणि दात कोरायच्या काडीने हलकेच माती काढायची. मग टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरायचा. तसा धरला आणि सपाट वाटणाऱ्या कडेवर एकेक अक्षर उभं राहिलं!

विकणाऱ्याने रोमन सम्राट ‘कॉन्स्टंटाइन द ग्रेट’ म्हणून नाणं हातात ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, चेहरा सोड, बाप-लेक सगळे एका साच्यातले दिसतात, नावापुढचं वाच. त्या सम्राटाच्या अशा नाण्यावर नावापुढे ‘मॅक्स ऑग’, म्हणजे सर्वश्रेष्ठ सम्राट, असतं. माझ्यावर निघालं ‘युन नोब सी’, म्हणजे धाकटा, परमकुलीन सीझर; सीझर म्हणजे सम्राटाच्या हाताखालचा युवराज. डोक्यावर रत्नांची पट्टी नाही, साधी लॉरेलची पानं. म्हणजे हा त्याचा मुलगा, दुसरा कॉन्स्टंटाइन. ३१७ साली सीझर झाला, बाप ३३७ मध्ये गेल्यावर सम्राट झाला आणि ३४० मध्ये धाकट्या भावाशी लढताना आक्विलेयाजवळ मारला गेला. भाऊबंदकी कुणाला चुकली नाही!

मागच्या बाजूला भाले-ढाली घेतलेले दोन सैनिक, भोवती ‘ग्लोरिया एक्झर्किटस’, सैन्याचा गौरव. मी सैनिक बघत बसले होते, तुम्ही त्यांच्यामधली लष्करी निशाणं मोजायला लावलीत. दोन असतील तर साधारण ३३० ते ३३५. पुढे नाणं हलकं झालं आणि निशाण एकच उरलं. माझ्यावर दोन आहेत. आणि सैनिकांच्या पायाखाली, रेघेच्या खाली, टी आर एस. टी आर म्हणजे ट्रियरची टाकसाळ, एस म्हणजे ‘सेकुंडा’, तिथला दुसरा विभाग. मी रोज पोर्टा निग्रावरून जाते, ती वेस या नाण्याच्याही आधीची!

उत्तर तुम्हाला फोटो बघताक्षणी कळलं असणार. तरी मला वाचू दिलंत, याचे आभार सगळ्यात जास्त. आणि अशी नाणी पोत्याने पाडली जायची, फार किंमत येणार नाही, हेही आडपडदा न ठेवता सांगितलंत.

आता दुसरं घेतलंय, पावतीसकट. रोमच्या दंतकथेतली लांडगीण, तिला लुचणारी जुळी बाळं, वर दोन तारे. खाली मी टी आर पी वाचलंय. रविवारी फोटो पाठवते, तपासून घ्या.

काकूंना नमस्कार.

तुमची,
ट्रियरची विद्यार्थिनी