सोप्या जंगलवाटेला फरशी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राखीव वनातील तळ्यांकाठच्या सोप्या पायवाटांबद्दल आपल्या अंकात आलेले वाचकपत्र वाचले. वाटेवर चिखल असतो, तळ्याच्या काठी लव्हाळे माजले आहेत, आडवे पडलेले झाड कोणी उचलत नाही, अशी त्या पत्रलेखकांची तक्रार आहे. उपाय म्हणून त्यांनी वाटेला फरशी आणि तळ्याला दगडी बांधीव काठ सुचवला आहे, जमल्यास कारंजेही. हेतू चांगला आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आणि चार पावलांत ‘कडेवर घे’ म्हणणाऱ्या पोरांना झेपेल अशी जंगलवाट हवीच. पण हे सगळे झाले तर चालणे सोपे होईल आणि पाहण्यासारखे फारसे काही उरणार नाही.

तळ्यातली खरी वर्दळ काठावर असते. वीतभर पाणी, चिखल आणि त्यातून वर आलेले देठ, एवढ्याच पट्ट्यात. लव्हाळ्याच्या एखाद्या देठाकडे वाकून नीट पाहावे. पाण्याच्या जरा वर मातकट रंगाची, पोकळ, सहा पाय घट्ट रोवलेली एक कात चिकटलेली दिसते. पाठीवर उभी चीर आणि चिरेतून बाहेर लोंबणारे बारीक पांढरे धागे. ही चतुर या उडणाऱ्या कीटकाची कात. त्याची अळी पाण्यात काही महिने, काही जातींत काही वर्षे काढते, मग देठावर चढते आणि पाठ उकलून पंख घेऊन बाहेर पडते. ते पांढरे धागे म्हणजे तिच्या श्वासनलिकांचे अस्तर. देठ ‘साफ’ केले की तिची चढायची शिडीच गेली. नुकतेच पाय फुटलेल्या बेडकाच्या पिल्लांनाही उभा, गुळगुळीत बांधीव काठ चढणे जड जाते. चिखलाचा उतार त्यांना बरा.

वर्षातला काही काळ आटणारे डबके पाहून ‘इथे बारमाही पाणी सोडा’ अशी सूचना हमखास येते. ते आटते म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून बेडकांची अंडी आणि त्यांतून निघणारी शेपटीवाली पिल्ले वाचतात. पडलेल्या झाडाचेही तसेच. कुजणाऱ्या खोडात भुंगेऱ्यांच्या अळ्या, बुरशी आणि ओलावा धरून राहणारे कितीतरी जीव असतात. टोक पाण्यात गेले असेल तर त्यावर कासवे उन्हाला येऊन बसतात. वाटेपुरता तुकडा कापावा, बाकीचे खोड तिथेच राहू द्यावे.

चिखलाबद्दल मात्र पत्रलेखकांशी अर्धा सहमत आहे. लोक बूट वाचवायला चिखलाच्या कडेने जातात, कड तुडवली जाते, मग पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. पाहता पाहता हातभर वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होते. झाडांची बहुतेक मुळे मातीच्या वरच्या थरातच असतात. माती दबली की त्यांना हवा आणि पाणी मिळेनासे होते. अवघड वाटेवर मोजकी माणसे जातात, सोप्या वाटेवर सगळे. म्हणून जास्त जपावी लागते ती सोपीच. तिथे खांबांवर उचललेली लाकडी फळ्यांची वाट घालावी. खालून पाणी वाहते, बेडूक जातात आणि चाकांची खुर्चीही वरून निघते. तोवर सरळ चिखलातून चालावे, बूट धुता येतात.

बांधकामाइतकाच उपद्रव आपल्या प्रेमाचा होतो. माशांना, बदकांना पाव टाकू नये. न खाल्लेला पाव कुजतो, शेवाळ फोफावते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. घरच्या टाकीतले मासे ‘मोकळे’ करू नयेत, ते बेडकांची अंडी आणि पिल्ले फस्त करतात. बेडूक हातात घेऊ नये. तो त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे हाताला लावलेले डासांचे मलम त्याला बाधू शकते. ओले, चिखलाचे बूट घेऊन एका तळ्यावरून थेट दुसऱ्यावर जाऊ नये. ते घासून, वाळवून मगच न्यावेत. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार बेडकांसारख्या प्राण्यांच्या त्वचेला रोग लावणाऱ्या कायट्रिड बुरशीमुळे उभयचरांच्या किमान 501 जाती घटल्या आणि त्यांतील 90 नामशेष झाल्या असाव्यात. ही बुरशी पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरते. (आणि तो स्पीकर! गाणी ऐकायला घरचा सोफा बरा आहे की.)

माझी मागणी फरशीपेक्षा स्वस्त आहे. वाटेच्या तोंडाशी एक सरळ फलक लावावा. एकूण अंतर, चढ किती, बसायला बाक कुठे, पावसानंतर कोणता टप्पा निसरडा होतो, मधूनच परत फिरायचे असेल तर कुठून, एवढे त्यावर असावे. ‘सोपी’ या एका शब्दावर विसंबून लोक चपला घालून येतात आणि पहिल्याच ओढ्याशी वैतागतात. फाट्याफाट्यावर रंगीत खूण असावी, आणि पाण्याकाठी उतरायची जागा एकच ठरवून द्यावी, म्हणजे बाकीचा काठ मोकळा राहील.

आपला नम्र,
एक वाचक