सील बदलण्याआधी पाइप पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटरसायकलींच्या निगेवर आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, फोटोही छान आहेत. पण पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरून धक्के सोसणाऱ्या तेलभरल्या नळ्यांच्या जोडीचा, विषय त्यात ‘तेल गळू लागल्यास सील बदलून घ्यावे’ एवढ्या एका वाक्यात उरकला आहे, ते मला पटले नाही. मी ग्राइंडिंगचे काम करतो. फोर्कचे पाइप माझ्याकडे येतात ते बहुधा दोन-तीनदा सील बदलून झाल्यावर आणि सोबत आलेला मालक पुरता वैतागलेला असतो. ‘हल्ली सीलच डुप्लिकेट येतात हो,’ हे त्याचे पहिले वाक्य. येतातही कधीकधी. पण पाइपवरून नख फिरवले की बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

पाइप खालच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, शिरतो तिथे तेल अडवायला सील असते. त्याची कड रबराची असते आणि तिच्यामागची तारेची बारीक गोल स्प्रिंग तिला पाइपवर आवळून धरते. ब्रेक दाबला किंवा खड्डा आला की पाइपवर ही कड वरखाली सरकते. पाइपवर गंजाने टाचणीच्या टोकाएवढा खळगा पाडला असेल, तर त्याची धार दर फेरीला रबर किसत राहते. नवे सील थोडे दिवस कोरडे राहते आणि मग पुन्हा ओघळ. नखाला न लागणारी खोट शोधायची तर कापूस फिरवावा, तंतू अडकले की जागा सापडली.

मात्र गंज दिसला म्हणजे पाइप बाद, असेही नाही. गंज कुठे आहे ते महत्त्वाचे. सील जिथवर सरकते त्याच्या वर, हेडलाइटच्या कानांआड, पाइप कितीही खराब असो, तेलाला त्याचे सोयरसुतक नाही. फोर्क उघडण्याआधी सीलच्या लगेच वर पाइपला दोरा बांधावा आणि पुढचा ब्रेक धरून गाडी जोरात दाबावी. दोरा जिथवर चढेल तो पट्टा आणि त्यावर थोडी जागा तपासायची. कडेखाली नुसती धूळ अडकली असेल, तर कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची पट्टी आत सरकवून गोल फिरवली की घाण बाहेर येते. कधीकधी एवढ्यावरच गळती थांबते आणि माझे गिऱ्हाईक कमी होते. होऊ दे.

पाइप खरोखर खराब असेल, तर पुढची गफलत क्रोमची. पाइप चकचकीत करून मिळाला म्हणून लोक खूश होतात. हँडलवर, सायलेन्सरवर चढवतात तो शोभेचा क्रोम. निकेलच्या थरावर त्याची जाडी एक मायक्रॉनसुद्धा (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाही. फोर्कला हार्ड क्रोम लागतो, तोही वीस-तीस मायक्रॉनपासून पुढे. आधी जुना थर काढायचा, पाइप ग्राइंड करून खड्डे घालवायचे, मग जाड क्रोम चढवून पुन्हा मूळ मापावर ग्राइंड करायचे. पाइप वाकलेला असेल तर यातले काहीच सुरू करू नये. आधी तो व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून फिरवावा आणि डायल गेज लावून बाक मोजावा. सीलवर 35-48-11 असे आकडे असतात, म्हणजे आतून 35, बाहेरून 48 आणि जाडी 11 मिलिमीटर. पॉलिश पेपरने घासून घासून पाइप त्या 35 पेक्षा बारीक झाला असेल, तर कुठल्याही कंपनीचे सील त्याला धरणार नाही.

उघडतानाचे एक सांगतो, कारण त्यात माणूस जखमी होतो. वरच्या टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटचा आटा सुटताना टोपी गोळीसारखी उडते. तोंड बाजूला ठेवावे आणि तळहाताचा भार देऊनच ती सोडावी. जुने सील उचकटताना पेचकसाखाली लाकडाचा तुकडा किंवा जाड चिंधी हवी. खालची केस अॅल्युमिनियमची असते, तिच्यात सील बसते त्या जागी चरा उठला तर सीलच्या बाहेरच्या अंगाने तेल येते आणि मग मालक पाइपवर संशय घेत बसतो. नवे सील बसवताना पाइपच्या तोंडावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, म्हणजे कड कापली जात नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. वर जुने सील ठेवून योग्य मापाच्या नळीने चहूबाजूंनी सारखे ठोकत जावे, सील अडवणाऱ्या लॉकच्या तारेची खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत. सील दोन्ही बाजूंची बदलावीत.

तेल मापूनच घालावे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा विचार इथे घात करतो. फोर्कमध्ये तेलाच्या वर हवा असते. तेल जास्त झाले की हवेची जागा कमी होते, फोर्क पूर्ण दबताना तिचा दाब भलताच वाढतो आणि धडधाकट सीलही तेल सोडते. पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात, एक नुसते तेल बदलण्याचा आणि दुसरा कोरडा फोर्क भरण्याचा. ते वेगळे असतात, गल्लत होऊ देऊ नये. चाक चढवल्यावर एक्सलचे चिमटे आवळण्याआधी ब्रेक धरून फोर्क चार-सहा वेळा दाबावा. फोर्कचे दोन्ही पाय समांतर बसले नाहीत तर सील एकाच बाजूने झिजते.

बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर12 वर तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला. त्याआधीच्या गर्डर फोर्कला, म्हणजे उघड्या दांड्या आणि स्प्रिंगच्या फोर्कला, हे दुखणे नव्हते, त्यात गळायला तेलच नव्हते. जुने मेकॅनिक अजूनही त्याची आठवण काढतात, पण तो चालवताना मनगटांचे काय होते ते कुणी सांगत नाही.

लेखाचा पुढचा भाग ब्रेकवर आहे असे खाली म्हटले आहे, म्हणूनच हे पत्र तातडीने लिहिले. फोर्कचे तेल ओघळून चाकाच्या ड्रममध्ये किंवा डिस्कवर जाते आणि पुढचा ब्रेक नेमका हवा तेव्हा घसरतो. तेल प्यायलेले ब्रेक शू आणि पॅड पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची सवय सर्रास दिसते. धुतल्यावर ते कोरडे दिसतात, पण तापले की आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. ते बदलावेतच, हे कृपया ठळक अक्षरांत छापावे.

आपला,
एक ग्राइंडिंग कारागीर