भिंत फोडण्याआधी एवढं वाच

लातूर,
रविवार

प्रिय दत्ता,

तुझा फोन आला तेव्हा साइटवर स्लॅबचं काम चालू होतं, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. आज सवडीनं लिहितोय.

दोन मुली कॉलेजच्या, वहिनींची सकाळची शाळा, त्यात काकूंना सावकाश सगळं आवरायची सवय. एका बेसिनवर तुमच्याकडे काय गर्दी होत असेल ते मला कळतं. दोन बेसिन बसवायचा विचार चांगलाच आहे. पण प्लंबर म्हणतो तसं ‘एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकला की झालं’ यावर जाऊ नकोस.

पाणी आणायचं काम त्यातल्या त्यात सोपं. मेन लाइनपासून पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप, आण आणि तिथून प्रत्येक नळाला अर्धा इंची फाटा काढ. चारही फाट्यांना, म्हणजे गरम आणि थंड दोन्हींना, वेगळा अँगल कॉक, म्हणजे बेसिनखाली पाणी बंद करायची तोटी, हवाच. एक नळ दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालू राहतो. आणि नळ साधे घे. तुझी टाकी बाथरूमच्या नळापासून फार तर दहा फूट उंच, म्हणजे दाब साधारण ०.३ बार. दुकानात दाखवतात त्या गरम-थंड एकत्र देणाऱ्या भारी मिक्सर नळांतल्या कित्येकांना याहून जास्त दाब लागतो. शिवाय बोअरचं पाणी क्षाराचं; नळाच्या तोंडाची जाळी सुटी निघणारी असू दे, म्हणजे लिंबाच्या रसात बुडवून साफ करता येईल.

खरी गोम सांडपाण्यात आहे. तुझ्या भिंतीतला पाइप सव्वा इंची, ३२ मिलिमीटरचा. एका बेसिनला पुरतो. दोन्ही त्यातच सोडलीस तर काही महिने काही जाणवणार नाही. मग साबणाचा गाळ आणि पोरींचे लांब केस आत धरायला लागतात, आणि एका बेसिनमध्ये तोंड धुतलं की दुसऱ्याच्या जाळीतून काळपट पाणी वर येतं. म्हणून दोन्ही पाइप एकत्र येतात तिथून पुढे ५० मिलिमीटरचाच पाइप घालायला लाव. उतार मीटरमागे २५ मिलिमीटर. मिस्त्रीला लेव्हल लावून दाखवायला सांग, नजरेनं नको. जोड सरळ टीचा न देता ‘वाय’चा, म्हणजे तिरक्या फाट्याचा दे, म्हणजे पाणी वाहत्या दिशेनंच आत शिरतं.

बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचं बाटलीसारखं भांडं, दोन्हींना वेगवेगळे. ट्रॅपमध्ये साचून राहिलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं. पाइप बारीक असला तर भरलेलं बेसिन रिकामं होताना शेजारच्या ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. गुडगुड आवाज ऐकू आला की तेच चाललंय समज. खालच्या कपाटाला ट्रॅपच्या जागी ड्रॉवर करू नकोस, नुसती दारं कर. ट्रॅप उघडून धुवायला हात गेला पाहिजे.

जागा मात्र नीट मोज. दोन बेसिनच्या मध्यांत निदान ३० इंच हवेत, ३६ असतील तर आणखी बरं. तुझी भिंत पाच फुटांपेक्षा कमी भरली तर दोन बेसिन कोंबू नकोस. एकच लांबट बेसिन घे आणि त्यावर दोन नळ बसव. काम तेच होतं आणि सांडपाण्याची लाइन एकच राहते. ग्रॅनाइटवर ठेवायची वाडग्यासारखी बेसिन आवडली असतील तर ओटा तेवढा खाली घ्यावा लागेल. काठ जमिनीपासून ३२-३३ इंचांवर आला तर काकूंचे हात पोचतील.

तुमचं घर जुनं, भिंत दगडमातीची. तिच्यात आडवी झिरी (पाइपासाठी कोरलेली खाच) मारू देऊ नकोस. पाइप भिंतीबाहेरून, कपाटाच्या आतूनच ने.

आणि दत्ता, एवढी तोडफोड होणारच आहे तर बेसिनचं पाणी संडासाच्या लाइनीत सोडू नकोस. वेगळा पाइप काढून परसात ने. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. तेव्हा भांडी घासलेलं पाणीसुद्धा आम्ही बादलीत धरून ठेवायचो. आता तोंड धुतलेलं पाणी गटारात जाताना बघवत नाही. कर्दळ आणि केळीला ते चालतं, उरलेलं शोषखड्ड्यात जिरव. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीनं गावभर शोषखड्डे करून दाखवलेत, आपल्याला एका घराचं काय जड? फक्त काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खाली जा.

टाइल बसायच्या आधी दोन्ही बेसिन तात्पुरती जोडून काठोकाठ भर आणि एकदम सोड. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघ. उघड्या पाइपांचे फोटो टेप धरून काढ आणि मलाही पाठव. पुढच्या आठवड्यात अंबाजोगाईला माझं काम आहे. तोवर काम सुरू झालं नसेल तर मी स्वतः खडूनं आखून देतो.

काकूंना नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

तुझा,
विलास