नौपाड्यातल्या ताईंना, ज्यांनी मॉरिशसच्या यादीत ‘बसायला कुठे’ असा रकाना आखला

प्रिय ताई,

वयाने तुम्ही आमच्या मुलीएवढ्या, पण ताईच म्हणते. आमच्या मॉरिशसच्या सहलीची आखणी तुम्ही करून दिलीत, त्याचे फोनवर आभार मानून झाले, पेढेही पोचले, तरी सांगायचं राहिल्यासारखं वाटतं. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

नवराबायकोने निवांत मॉरिशस बघायचं म्हणून ठाण्यात चौकशीला गेलं की हातात काय पडतं, ते आधी सांगायला हवं. एका मोठ्या, चकचकीत ऑफिसात पहिला प्रश्न आला, “बजेट किती?” दुसरा प्रश्न आलाच नाही. छापील कागद पुढे सरकला. एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, एक दिवस बोटीने छोट्या बेटावर, आणि रोज सकाळी आठच्या ठोक्याला गाडीत. ह्यांच्या गुडघ्यांचं सांगितलं तर उत्तर मिळालं, “सगळं इझी आहे मॅडम.” वर ‘व्होल्कॅनो टूर’ होतीच, जशी काही तिथे लाव्हा वाहताना दिसणार आहे. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट खरं, पण तिथले ज्वालामुखी केव्हाच शांत झालेत. धगधगता आहे तो शेजारच्या रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ, आणि ते बेट फ्रान्सचं. हे त्या टेबलामागच्या माणसाला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं.

तुम्ही मात्र विचारलंत, “काका न थांबता किती पायऱ्या चढतात?”

मग नकाशा उलगडलात आणि आधी वारा समजावलात. जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी बाहेर बसवत नाही आणि पाण्यालाही खळबळ असते. पश्चिमेला, फ्लिक आँ फ्लाकच्या बाजूला, मधले डोंगर वारा अडवतात. तोच दमट वारा मधल्या पठारावर चढतो, थंड होतो आणि तिथेच बरसतो. म्हणून पठारावरच्या क्युरपीप गावाला पाऊस आणि अर्ध्या-पाऊण तासावरच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन, हे तिथे रोजचंच. “पठारावर ढग दिसले तर दिवस रद्द करू नका, फक्त उलटा करा. आधी किनारा, मग डोंगर.” हे एक वाक्य अख्ख्या माहितीपत्रकाला भारी होतं. बेट बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट, म्हणून असं उलटसुलट करणं जमतं. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवायचा, बॅगा एकदाच उघडायच्या आणि दिवसाला एकच दिशा धरायची.

सूर्य जुलैत पावणेसहाच्या सुमाराला मावळतो आणि गावातली दुकानं लवकर बंद होतात, म्हणून बाजार सकाळी. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवायचं, मीटरच्या भरवशावर राहायचं नाही. प्लगला चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. दुखण्याच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, कारण काही वेदनाशामकांबाबत तिथले नियम कडक आहेत. प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात अनवाणी उतरायचं नाही; काटेरी समुद्री साळू असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही. रबरी बूट ठाण्यातूनच न्यायचे. आणि दक्षिणेला ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात, तिथे फक्त बघायचं, पाण्यात पाय घालायचा नाही.

हे सगळं मोलाचं होतंच. पण ताई, मी लिहायला बसले ती त्या रकान्यासाठी.

साधा फुलस्केप कागद, शिसपेन्सिलीने पट्टी धरून ओढलेल्या रेघा. ठिकाण, वेळ, पायऱ्या, आणि शेवटी ‘बसायला कुठे’. त्रू-ओ-सेर्फ ह्या शांत ज्वालामुखीच्या विवरापुढे लिहिलेलं: “विवराच्या कडेने गोल रस्ता आहे, गाडी वर जाते. बाक आहेत. खाली उतरू नका, उतार निसरडा.” तीनशे मीटरहून रुंद ते विवर, आत गर्द झाडी, तळाशी पाणी; आणि ते बाकावर बसून, शांतपणे, स्वेटर घालून बघायचं. शामारेलच्या धबधब्यापुढे: “खालच्या कठड्यावरून पुरेसा दिसतो. वरच्या जागेला पायऱ्या आहेत, त्या सोडा.” सप्तरंगी मातीपुढे: “ऊन तिरकं असताना जा. थकलात तर कासवांच्या कुंपणापाशी थांबा.” बेसॉल्ट खडक झिजून त्याची माती होते आणि त्यातल्या लोहाच्या नि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे ते तांबडे-जांभळे पट्टे दिसतात, हेही कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं. शामारेलहून किनाऱ्याकडे उतरणारा रस्ता नागमोडी, तिथे बाण काढून “काका पुढच्या सीटवर, आल्याच्या वड्या खिशात.”

आणि पोर्ट लुई बंदरातल्या अप्रवासी घाटापुढे, पायऱ्यांच्या रकान्यात: “१६. समोर थांबून बघा, घाई नको.”

बस्स, एवढंच. ह्या १६ पायऱ्या म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजातून भारतातले पहिले करारबद्ध मजूर इथे आले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं ह्या बंदरात उतरली, उसाच्या मळ्यांसाठी. कलकत्ता आणि मद्राससारखीच मुंबईहूनही जहाजं सुटली, त्यांत आपली कोकणातली माणसं होती. त्यांचे वंशज तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते. छापील कागदात हा घाट नव्हताच. त्या वेळात एका मॉलमध्ये शॉपिंग होतं.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला प्रवासात खरी भीती दुखण्याची नसते, आपल्यामुळे दुसऱ्याचं बघायचं राहील ह्याची असते. तो “तू जाऊन ये, मी इथेच आहे” म्हणतो आणि दुसऱ्याचंही मन लागत नाही. तुमच्या त्या रकान्यामुळे हे वाक्य कुणाला म्हणावंच लागत नाही, कारण बसायची जागा आणि बघायची जागा एकच निघते. हे सुचायला समोरच्या माणसाकडे नीट बघावं लागतं. पैसे तुम्ही इतरांपेक्षा कमीच घेतलेत, पण कुणी जास्त देऊ केले असते म्हणून हा रकाना तयार झाला नसता. रिक्षातून उतरताना म्हाताऱ्या माणसाची पिशवी धरणारा, बँकेत फॉर्म वाचून दाखवणारी, अशी माणसं ठाण्यात अजून आहेत, आणि त्यांच्या जिवावरच आमच्या वयाचे लोक घराबाहेर पडतात.

आमच्या ऐरोलीच्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान येत्या वर्षी जाणार आहेत. तुमच्याच कागदाची झेरॉक्स त्यांना दिली आहे, पण त्या तुमच्याकडे येतीलच. तेव्हा रकान्यात एवढी भर घाला. पठारावरच्या गंगा तलाव ह्या तीर्थाशी चपला काढाव्या लागतात, तिथली फरशी जुलैत गार असते आणि काठाजवळच्या पायऱ्या ओल्या, म्हणून मोजे हवेत, तेही ओले झाले तर बदलायला दुसरा जोड. नैवेद्याची केळी पिशवीत झाकून ठेवायची, माकडं हातातून ओढतात. तिथली मंगल महादेवाची ३३ मीटरची मूर्ती रस्त्यालगतच आहे, तिच्यासाठी वेगळं चालावं लागत नाही. आणि ढोल पुरी, ती डाळ भरलेली मऊ पोळी, जोडीनेच देतात. एकाला एक जोडी पुरते, दोन मागवू नये. भाजी आणि चटणी तिखट असते, नणंदबाईंना चटणी वेगळी घ्यायला सांगा.

तुमच्या,
पाचपाखाडीच्या काकू