खापर कुणावर फोडायचं?

प्रिय दोस्ता,

उघड्या आगीत भाजताना सातपैकी चार मडकी फुटली आणि तू सगळं खापर ओल्या लाकडांवर फोडलंस, हे तुझ्या पत्रात वाचून हसू आवरेना. रागावू नकोस. माझ्या पहिल्या खेपेला सहातलं एकच वाचलं होतं, तेही वाकडं, आणि मी वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

आता तूच लिहिलंयस ते नीट बघ. पेटवल्यावर दहा मिनिटांत ‘फट्’ असा आवाज, आणि बुडाचा बशीएवढा पापुद्रा उडालेला. हे काम लाकडाचं नव्हे, पाण्याचं. मातीत राहिलेल्या पाण्याची १०० अंशांना वाफ होते आणि ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. भिंतीतून निघायला वाट नसेल तर ती भिंतच घेऊन जाते. मडकं चार दिवस सावलीत होतं म्हणतोस, पण दिसायला सुकलेली माती आतून सुकलेली असतेच असं नाही. मडकं गालाला लाव. गार लागलं तर अजून पाणी उडतंय. माझा या गालावर कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. ती लोण्यासारखी मऊ माती, जिचं तू पानभर कौतुक केलंस, तीच खरी गुन्हेगार. बारीक, चिकट माती हाताला गोड लागते, पण उघड्या आगीत तिचा निभाव लागत नाही. तिला भरड हवी. मी चार भाग मातीला एक भाग खापरांची भुकटी घालतो, जाडसर रव्याइतकी. त्याने वाफेला वाट मिळते, माती कमी आकसते आणि चीर गेलीच तर कणाला अडून थांबते. वाळूही चालते, पण खापराची भुकटी एकदा भाजून निघालेली असते, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते. तुझ्याकडे आता चार मडक्यांची खापरं आहेतच, कुटायला घे! फक्त पांढरे चुनखडीचे खडे वेचून टाक. जास्त तापले तर त्यांचा चुना होतो, मग तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या मडक्याचा टवका आठवड्यांनंतर उडतो.

आता पेटवण्याचं. मडकी थेट जाळात ठेवायची नाहीत. आधी लहानशी शेकोटी कर, भोवती हातभर अंतरावर मडकी मांड आणि दर थोड्या वेळाने फिरव. उघड्या हाताने धरवेनाशी झाली की समजायचं, आता तयार झाली. मला याला दोन-तीन तास लागतात आणि दर वेळी कंटाळा येतो. मग निखारे पसरून त्यावर मडकी पालथी ठेवायची, वरून गोवऱ्या, काटक्या. यानंतर आग झपाट्याने चढते, अर्ध्या-पाऊण तासात ७००-८०० अंशांपर्यंतही जाते. मी मुद्दाम दिवस मावळताना पेटवतो, कारण मडक्याचा मंद लाल रंग अंधारातच दिसतो. तो दिसला नाही तर घाई करू नकोस. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि तेव्हाच चिखलाचं मडकं होतं. माझ्या दुसऱ्या खेपेतलं एक भांडं तिथवर पोचलंच नव्हतं. पाणी भरून ठेवलं, तर सकाळी बुडाशी चिखल!

काढायची घाईसुद्धा नको. राखेत रात्रभर राहू दे. तुझं पाचवं मडकं, उभं चिरलेलं, गरमागरम बाहेर ओढलंस म्हणून गेलं असावं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण एकदम आकार बदलतात, तिथून थंडी अंगावर आली की तडा ठरलेला.

घडवण्याबद्दल एवढंच की एकावर एक रचलेल्या मातीच्या वळ्या बाहेरून नुसत्या गुळगुळीत करू नकोस, आतूनही बोटाने खाली ओढून एकजीव कर. आणि घोटणं मात्र सोडू नकोस. माती चामड्याइतकी घट्ट झाली की गुळगुळीत गोटा फिरवत बसायचं, तासभर कसा गेला कळत नाही.

तुला बरं वाटावं म्हणून सांगतो: चेक प्रजासत्ताकातल्या दोल्नी व्येस्तोनित्से इथे सुमारे २६,००० वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती सापडल्या, बहुतेक सगळ्या तुकड्यांत. काही अभ्यासकांच्या मते त्या ओल्या असतानाच मुद्दाम आगीत टाकून फोडल्या जात असाव्यात. तेव्हा कुणी विचारलं तर सांग, मी तोच प्रयोग करत होतो.

उरलेली दोन मडकी टिचकी मारून बघितलीस का? खणखणीत वाजतात की भदभद? ते लिही.

तुझाच,
राखेने माखलेला मित्र