बेटा, त्या दिवशीच्या सलाईनचं

बेटा,

बल्लारशाले गाडी सुटली तरी तू खिडकीतून पाह्यलं नाई. शेवटचा डबा जाईपर्यंत मी उभाच होतो.

मावशीले सलाईन लावून दे म्हणून सगळे मागं लागले, तू सुई हातात घेतली, आन् मी चार लोकाईत ओरडलो. ओरडाचं नोतं. शिरेत सुई टोचणं तुले येते, तीन वर्षं झाली फिजिशियन असिस्टंटचं शिकून राहिली. पण वार्डात मागं सर उभे असतात, इथं कोण होतं? मावशी बरी आहे आता, वरोऱ्याले नेलं त बीपी वाढलेला निघाला. हे सांगाचं नोतं, सांगून बसलो.

तूच म्हणते ना, फिजिशियन असिस्टंटनं हिस्ट्री म्हणजे आजाराची मागची माहिती घ्याची, पेशंट तपासाचा, ऑपरेशनमधे सर्जनच्या हाताखाली उभं राह्याचं, पण सगळं डॉक्टरच्या देखरेखीत. अमेरिकेत १९६५ मधे ड्यूक विद्यापीठात नेव्हीच्या चार जणाईले घेऊन हे सुरू झालं, आपल्याकडं १९९२ मधे तुह्या मद्रासलेच, हृदयाचं ऑपरेशन करणाऱ्या चेरियन डॉक्टरनं, हे मले पाठ आहे. पारावर कोणी म्हणलं डॉक्टर बी नाई नर्स बी नाई मंग हे काय, त मी म्हणतो आरोग्यातल्या कामाईच्या २०२१ च्या कायद्यात नाव आहे माह्या पोरीच्या कामाचं.

आजीचं पुन्हा नाई सांगत. पऱ्हाटी वेचाचे दिवस होते, थकवा येते म्हणून एका डिग्री नसलेल्या माणसानं तिले दोन बाटल्या चढवल्या, रात्री दम लागला, मी बंडी जुंपली त नाल्यापाशीच... तिचं हृदय कमजोर होतं हे आमाले कोणी सांगतलं नोतं. सेकंड इयरले तू फोनवर म्हणली, अशा हृदयाले जास्त पाणी झेपत नाई, ते फुप्फुसात भरते. तवा मी फोन ठेवला आन् वावरात जाऊन बसलो. तुह्या आईले अजून सांगतलं नाई.

म्हणून म्हणतो, गावात कोणी कितीबी हात जोडले तरी सरांशिवाय... पाह्य, पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर.

कापूस विकला, फीचा हप्ता सोमवारी टाकतो. चौथं वर्ष इंटर्नशिपचं, रात्रीची ड्युटी लागंन, झोप होत जाऊ दे. आन् एक फोन कर, आईले नाई, मले. दिवाळीले येशीन तवा मावशीचा बीपी पाह्यजो, मशीन मी आणून ठेवतो. सुई तेवढी नको लावू बेटा.

तुहा बाबा